पिग्मी एजंटांच्या मोबाईलसाठी एमडीएम कोणतं घ्यावं?

वारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इचलकरंजी परिसरातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. आमचे पिग्मी एजंट सत्तरच्या आसपास. पूर्वी त्यांच्याकडे हातातली मशीन होती. संध्याकाळी शाखेत आणून जोडायची आणि दिवसाचं कलेक्शन उतरवून घ्यायचं. आता सगळं मोबाईलवर आलंय. ॲपमध्ये नोंद, ब्लूटूथ प्रिंटरवर पावती, खातेदाराला एसएमएस. यातले ४५ फोन संस्थेचे आहेत. तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे, कारण ज्या वेळी जी ऑफर होती तो फोन घेतला गेला. बाकी एजंट स्वतःचाच फोन वापरतात.

मध्यंतरी एका एजंटाला व्हॉट्सॲपवर ट्रॅफिक चलनाच्या नावानं एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) आली आणि ती उघडली गेली. एसएमएस चोरणारं ॲप होतं. वेळेत कळलं, सिम काढून टाकलं, नुकसान टळलं. पण खातेदारांची नावं, नंबर, शिल्लक दाखवणारं आमचं ॲप त्याच फोनवर होतं. ते कळल्यावर संचालक मंडळानं एमडीएम, म्हणजे सगळे फोन एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर, घ्यायचा ठराव केला.

तीन कोटेशन मागवली. तिन्ही माहितीपत्रकांत झाडून सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण आहे. मग निवडायचं कशावर? आम्हाला पाहिजे ते एवढंच: बाहेरची ॲप बंद व्हावीत, फोन हरवला तर डेटा पुसता यावा, आणि ॲपचं नवीन व्हर्जन टाकायला एजंटांना शाखेत बोलवावं लागू नये. एका संचालकांना लोकेशनही हवं आहे. खर्च बेताचा.

नेटवर्कवाला

कोटेशनं आधी बाजूला ठेवा. संस्थेचे ४५ फोन आणि एजंटांचे स्वतःचे २५ फोन हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. विक्रेता हे सांगत नाही, कारण त्याला ७० लायसन्स विकायची असतात.

संस्थेचा फोन: याला अँड्रॉइडमध्ये 'फुल्ली मॅनेज्ड' करता येतं. पूर्ण ताबा तुमचा. कुठली ॲप चालतील, यूएसबीनं फाइल काढता येईल का, हॉटस्पॉट चालू करता येईल का, सगळं तुम्ही ठरवता. पण त्यासाठी फोन फॅक्टरी रीसेट करावा लागतो. वापरातला फोन घेतला, वरून एक ॲप टाकलं आणि पूर्ण ताबा मिळाला, असं होत नाही. रीसेटनंतर स्वागताचा पहिला स्क्रीन येतो, त्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करायचं. क्यूआर स्कॅनर उघडतो. एमडीएमच्या कन्सोलवरचा (जिथून तुम्ही सगळे फोन सांभाळता त्या स्क्रीनवरचा) क्यूआर दाखवला की पुढचं आपोआप होतं.

एजंटाचा फोन: तिथे 'वर्क प्रोफाइल'. अँड्रॉइड ५ पासून आहे. फोनमध्ये कामाचा एक वेगळा कप्पा तयार होतो, त्यातल्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. तुमचा अधिकार त्या कप्प्यापुरता. त्याचे फोटो, त्याचं व्हॉट्सॲप तुम्हाला दिसत नाही, आणि पुसायची वेळ आली तर फक्त कप्पा पुसला जातो.

कोणी विक्रेता अजून 'डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर'वर चालणारी जुनी पद्धत दाखवत असेल तर त्याला नमस्कार करा. अँड्रॉइड १० पासून गूगलनं त्यातली महत्त्वाची कलमं काढून घेतली. मायक्रोसॉफ्टनंही इंट्यून या आपल्या एमडीएममध्ये, गूगलच्या सेवा असलेल्या फोनसाठी, त्या पद्धतीचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला.

देवराई

पुण्यात एका औषध कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधींचे टॅब सांभाळते. वर म्हटलंय ते शंभर टक्के. त्यात एक भर घालते. पुढच्या वेळी फोन घ्याल तेव्हा सगळे एकाच मॉडेलचे घ्या, आणि 'झिरो-टच' किंवा सॅमसंग असेल तर 'नॉक्स मोबाईल एनरोलमेंट'मध्ये नोंदवून देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. मग फोन कोणी कितीही वेळा रीसेट केला तरी इंटरनेट मिळाल्यावर तो पुन्हा तुमच्याच ताब्यात येतो. क्यूआरनं जोडलेल्या फोनचं तसं नाही. सेटिंगमधला रीसेट तुम्ही बंद करू शकता, पण बटणं दाबून रिकव्हरीमधून केलेला रीसेट त्यानं अडत नाही. त्यासाठी एफआरपीचं धोरण लावावं लागतं, म्हणजे रीसेटनंतर तुम्ही ठरवलेल्या गूगल खात्याशिवाय फोन पुढे जात नाही. हे धोरण अँड्रॉइड ११ पासून नीट चालतं. तुमच्या फोनमध्ये कोणतं व्हर्जन आहे याची यादी आधी करा.

झिरो-टचला गूगल वेगळे पैसे घेत नाही. सॅमसंगचं एनरोलमेंटही मोफत आहे. नॉक्स मॅनेज मात्र पैसे देऊन घ्यायचं, ती दोन वेगळी उत्पादनं आहेत. कोटेशनमध्ये 'नॉक्स' एवढंच लिहिलं असेल तर कोणतं ते विचारून घ्या.

अनवट

माझं मत थोडं वेगळं. २५ वैयक्तिक फोनना एमडीएम लावूच नका. तुमच्या ॲपवाल्याकडून तीन गोष्टी करून घ्या: लॉगिन एका ठरावीक फोनशी बांधणं, फोनमध्ये फक्त त्या दिवसाची आणि त्या एजंटाचीच यादी उतरवणं, आणि सर्व्हरवरून एका क्लिकमध्ये लॉगिन बंद करणं. चोरीला गेलेला फोन पुसण्याची आज्ञा फोन ऑनलाइन आला तरच पोचते. चोर पहिलं काम सिम काढण्याचं करतो. लॉगिन सर्व्हरवर बंद केलं तर फोन कुठेही असो, फरक पडत नाही.

नेटवर्कवाला

अनवट, या तिन्ही गोष्टी हव्यातच, एमडीएम घेतलं तरी हव्यात. पण चलनाची एपीके त्यानं थांबत नाही. वर्क प्रोफाइल लावलेल्या फोनवर अनोळखी स्रोतांकडून ॲप टाकणं पूर्ण फोनभर बंद करण्याची सोय अँड्रॉइड १० पासून आहे. वैयक्तिक भागात काय आहे ते न बघता हे एवढं करता येतं. वारणाकाठ यांची मूळ अडचण तीच आहे. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच ठेवा, आणि उत्तर तोंडी न घेता आपल्या फोनवर बघा.

आणि ॲपच्या लॉगिनचा ओटीपी एसएमएसनं येत असेल तर तो वैयक्तिक भागात येतो, तिथे एसएमएस चोरणारं ॲप असलं तर कप्प्याचा उपयोग नाही. हेही ॲपवाल्याशी बोला.

वारणाकाठ

ओटीपी एसएमएसनंच येतो. हे ध्यानात आलं नव्हतं, उद्याच बोलतो. बहुतेक फोन अँड्रॉइड ११ ते १३ आहेत, चार-पाच ९ चे.

रानजाई

माझे वडील आयुष्यभर पिग्मी गोळा करत होते, आधी चोपडीवर आणि नंतर मशीनवर. त्यामुळे लोकेशनच्या मुद्द्यावर कळकळीनं लिहिते.

एजंट रोख पैसे घेऊन फिरतो. त्याचा रोजचा रस्ता, थांबायची ठिकाणं, शाखेत परतायची वेळ हे सगळं जर शाखेतल्या एका संगणकावर नकाशा होऊन दिसत असेल, तर तो नकाशा कोणकोण बघू शकतं? शिपाई, लेखनिक, विक्रेत्याचा सपोर्टवाला? अंगावर रक्कम असलेल्या माणसाची हालचाल उघडी ठेवणं म्हणजे त्याच्या जिवाला धोका. लुटालुटीच्या बातम्या आपण सगळे वाचतो. संस्थेला नियंत्रण हवं असेल तर प्रत्येक पावतीबरोबर त्या जागेची नोंद व्हावी, एवढं पुरे. खातेदाराची तक्रार आली तर तेवढ्यावर तपास होतो. एजंट दुपारी जेवायला कुठे गेला, दवाखान्यात गेला का, याच्याशी संस्थेला काही देणंघेणं नाही.

दुसरं, एजंट कमिशनवर आहेत, कर्मचारी नाहीत, असं संस्था म्हणतात. बँकांच्या डिपॉझिट कलेक्टरांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि २००१ च्या निकालात त्यांना कामगार मानलं गेलं. उद्या तुम्ही माणसाचा फोन, वेळ, रस्ता सगळं ताब्यात घेणार, आणि हक्काचा प्रश्न आला की तो आमचा नाही म्हणणार, हे टिकणार नाही. संचालक मंडळाला हे आधी सांगा.

देवराई

रानजाईताई, पटलं. यात तांत्रिक बाजूही तुमच्या म्हणण्यासारखीच आहे. अँड्रॉइड १२ पासून वर्क प्रोफाइलमध्ये लोकेशन, कॅमेरा, माइक यांची परवानगी संस्था परस्पर देऊ शकत नाही, फोनधारकानं स्वतः द्यावी लागते. त्याच व्हर्जनपासून वैयक्तिक फोनचा आयएमइआय (फोनचा ओळख क्रमांक) सुद्धा एमडीएमला दिसत नाही. म्हणजे एजंटाच्या स्वतःच्या फोनवर दिवसभर लोकेशन चालू ठेवायचं आश्वासन कोणी देत असेल तर ते एजंटाच्या संमतीवर अवलंबून आहे.

पायवाट

वकिली करतो, बहुतेक काम सहकारी संस्थांचं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येतात. म्हणून माहिती सुरक्षेचं कोणी विचारणार नाही असा एक समज आहे. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये असा भेद नाही. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. तो कायदा खातेदाराच्या माहितीला लागू आहे, तसाच एजंटाच्या माहितीलाही. नोकरीच्या कारणासाठी काही मुभा आहे, पण एजंट नोकर नाही असं तुम्हीच म्हणत असाल तर त्या मुभेचा आधार कसा घेणार? सरळ मराठीत एका पानाचं संमतीपत्र करा: फोनमधलं काय दिसेल, काय दिसणार नाही, कोण बघेल, काम सोडल्यावर काय पुसलं जाईल. सही घेण्याआधी वाचून दाखवा.

खडूफळा

एमडीएमचा विषय नाही, तरी लिहिते. २०२१ मध्ये आपल्याकडे अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते. फोन निकृष्ट, मेमरी अपुरी, ॲप इंग्रजीत. वर बसून कितीही नियंत्रण ठेवलं तरी हातातला फोन चालत नसेल तर माणूस काम कसं करणार? २ जीबी रॅमच्या फोनवर तुमचं ॲप, प्रिंटर आणि वर एमडीएमचं ॲप एवढं सगळं चालेल का ते आधी बघा.

नेटवर्कवाला

फार योग्य मुद्दा. फारच कमी मेमरीचे, 'गो' आवृत्तीचे फोन असतील तर वर्क प्रोफाइल बनतं का हेसुद्धा आधी तपासा.

आता उत्पादनांकडे येतो. आपल्याकडे चांगले पर्याय आहेत. स्केलफ्यूजन पुण्याच्या प्रोमोबी टेक्नॉलॉजीजचं. मोबाईल डिव्हाइस मॅनेजर प्लस हे मॅनेजइंजिनचं, म्हणजे झोहोचं. ते क्लाउडवर घेता येतं, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं आणि २५ फोनपर्यंत मोफत आहे. श्युअरएमडीएम बंगळूरुच्या ४२ गिअर्सचं. हेक्सनोड आहे. इंट्यून तेव्हाच बघा जेव्हा संस्थेकडे आधीपासून मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम असेल, त्यात ते येतंच. नुसत्या पिग्मीच्या फोनसाठी ते घेणं मला पटत नाही, कारण लायसन्स माणशी असतं आणि तुमच्या एजंटांना ईमेल, वर्ड काही लागत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर मॅनेजइंजिनच्या मोफत आवृत्तीवर एका शाखेचे फोन चढवून बघितले असते. पैसे न देता सगळी कल्पना येते. मग पसंत पडेल ते घ्या, दुसरं घेतलं तरी शिकलेलं वाया जात नाही. खालचं यंत्र गूगलचंच आहे. सगळ्या एमडीएमना त्याच अँड्रॉइड एंटरप्राइझच्या सोयी वापराव्या लागतात, म्हणून तर सगळ्या रकान्यांत खुणा सारख्या दिसतात. खरा फरक पडतो तो कन्सोल किती सोपं आहे यात, किऑस्क स्क्रीन (फोनवर तुम्ही ठरवलेलीच ॲप दाखवणारा) किती नीट चालतो यात, आणि सगळ्यात जास्त फोन केल्यावर कोण उचलतं यात.

अनवट

हेडविंड एमडीएम ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. खर्च बेताचा म्हणताय म्हणून सुचवतो.

देवराई

हेडविंड चांगलं आहे, पण सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवावा लागणार, त्याचे पॅच, बॅकअप, सर्टिफिकेट कोण बघणार? वारणाकाठ एकटे संगणक विभाग सांभाळतात असं दिसतंय. ते सुट्टीवर गेले आणि ४५ फोनचा ताबा असलेला सर्व्हर पडला तर? ज्या संस्थेत दोन जाणकार माणसं आहेत तिथेच स्वतःचा सर्व्हर ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

चाचणीचं म्हणाल तर ऑफिसात बसून करू नका. एका एजंटाबरोबर सकाळी बाजारपेठेत फिरा. किऑस्क चालू असताना प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. तो आपोआप जोडला जातो का? नाही जोडला गेला तर एजंटाला ब्लूटूथचं सेटिंग लागणार, आणि किऑस्कमध्ये सेटिंग दिसतच नाही. पानाच्या टपरीसमोर उभं राहून पावती निघत नाही, मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं, अशा वेळी तो एजंट तुमचं एमडीएम कायमचं नापसंत करतो. काही उत्पादनांत किऑस्कमधूनच फक्त ब्लूटूथ आणि वायफाय उघडायची सोय असते, ती बघा. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागते, १२ पासून 'जवळची उपकरणे' अशी वेगळी परवानगी आहे. तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे फोन आहेत, तेव्हा दोन्हींवर करून बघा. मग नेटवर्क नसलेल्या गल्लीत जा. मग फोन खिशात ठेवून थोडा वेळ जाऊ द्या आणि बघा, फोनच्या कंपनीच्या बॅटरी बचतीनं तुमचं ॲप मारलं का.

वारणाकाठ

प्रिंटरचं वाचून धस्सच झालं, कारण डेमोला आलेल्या कोणीच प्रिंटर आणला नव्हता.

दरम्यान मोफत आवृत्तीवर दोन फोन चढवले. सहा टॅप, क्यूआर, सगळं सुरळीत झालं. पण आमचं पिग्मी ॲप प्ले स्टोअरवर नाही, ॲपवाले एपीके व्हॉट्सॲपवर पाठवतात. ती 'प्रायव्हेट ॲप' म्हणून चढवायला गेलो तर पॅकेजचं नाव (ॲपचं आतलं ओळखनाव) आधीच वापरात आहे असा संदेश येतो. आम्ही तर पहिल्यांदाच चढवतोय.

नेटवर्कवाला

कारण तुमचा ॲपवाला तीच एपीके बाकीच्या संस्थांनाही देतो, आणि त्यातल्या एखाद्या संस्थेनं ती आधी चढवली असणार. गूगल प्लेवर पॅकेजचं नाव जगात एकदाच वापरता येतं. उपाय तुमच्या हातात नाही, ॲपवाल्याच्या हातात आहे. त्यानं स्वतःच्या प्ले कन्सोलमधून ॲप खाजगी म्हणून प्रकाशित करायचं आणि ज्या संस्थांना द्यायचं त्यांचे ऑर्गनायझेशन आयडी त्यात घालायचे. तुमचा आयडी मॅनेज्ड गूगल प्लेच्या, म्हणजे संस्थांसाठीच्या प्ले स्टोअरच्या, ॲडमिन सेटिंगमध्ये मिळेल. नाव दुसऱ्या कोणाकडे अडकलेलं असेल तर त्याला नवीन नावानं बिल्ड द्यावं लागेल. एकदा झालं की नवीन व्हर्जन सगळ्या फोनवर आपोआप जातं. एजंटांना शाखेत बोलवणं संपलं.

आणि व्हॉट्सॲपवरून एपीके पाठवणं लगेच बंद करायला सांगा. संस्थाच जर व्हॉट्सॲपवरची एपीके उघडा म्हणून सांगत असेल तर एजंटानं चलनाची एपीके उघडली यात त्याचा काय दोष? त्याला तेच शिकवलं गेलं.

रानजाई

या शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार. त्या एजंटावर काही कारवाई झाली असेल तर मागे घ्या.

पायवाट

करारात दोन गोष्टी पक्क्या करा. डॉलरचा भाव असेल तर वर्षभर रुपयांत किंमत बांधून घ्या, वर १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करा. आणि एमडीएम सोडताना सगळे फोन रीसेट न करता दुसरीकडे नेता येतील का, हे लेखी विचारा. उत्तर बहुधा 'नाही' येईल. पण मग नूतनीकरणाच्या वेळी भाव वाढला तर आपली अडचण किती मोठी असेल ते आज कळेल.

देवराई

एक राहिलं. मॅनेज्ड गूगल प्ले जोडताना स्वतःचं जीमेल वापरू नका, संस्थेच्या नावाचं खातं करा आणि त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवा. पुढे संचालकांना आयफोन दिले तर अॅपलचं पुश सर्टिफिकेट (आयफोन एमडीएमशी जोडलेले ठेवणारं) दर वर्षी त्याच अॅपल खात्यातून नवं करावं लागतं. ते खातं नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं निघालं तर सगळे आयफोन पुन्हा जोडावे लागतात.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. कारवाई म्हणून त्या एजंटाचं कमिशन अडवलं होतं. नेटवर्कवाला यांचा प्रतिसाद छापून मॅनेजरसाहेबांना दाखवला, या महिन्यात ते सोडताहेत.

बाकी सोमवारच्या सभेत मांडतोय ते असं: ४५ फोन पूर्ण ताब्यात, वैयक्तिक २५ वर वर्क प्रोफाइल पण एजंटाच्या लेखी संमतीनं, ज्याला नको असेल त्याला संस्थेनं फोन द्यायचा. अँड्रॉइड ९ चे फोन बदलायचे. दिवसभराचं लोकेशन नाही, पावतीसोबत जागेची नोंद. ॲपवाल्यांनी ऑर्गनायझेशन आयडी मागवून घेतलाय. तिन्ही विक्रेत्यांना पुन्हा बोलावलंय, या वेळी आमचा प्रिंटर आणि आमचा सगळ्यात जुना फोन त्यांच्यासमोर ठेवणार आहे.

एक प्रश्न उरतो. हरवलेल्या फोनसाठी क्रम काय ठेवू?

अनवट

आधी सर्व्हरवर लॉगिन बंद, मग एमडीएममधून लॉक आणि पुसण्याची आज्ञा, मग सिम बंद. त्यानंतर पोलिसांत तक्रार आणि तिच्या प्रतीसह सरकारच्या संचार साथी पोर्टलवर सीईआयआरमध्ये (हरवलेले फोन बंद करण्याच्या सोयीत) आयएमइआय ब्लॉक. सिम आधी बंद केलंत तर पुसण्याची आज्ञा पोचायची उरलीसुरली शक्यता जाते. शाखेच्या भिंतीवर हे चार ओळींत लावा, कारण एजंटाचा फोन रात्री आठलाही हरवू शकतो आणि त्या वेळी तुम्ही शाखेत नसाल.